रांगेतले बूट

जाळीतून हात आत आला. देवाजीने हातातल्या नोटेकडे न बघता आधी खाली आरशात बघितलं. बाहेरच्या लोखंडी कठड्याला त्याने मोटरसायकलचा एक जुना आरसा तारेने तिरपा बांधून ठेवला होता. आत स्टुलावर बसल्या बसल्या त्याला रांगेतल्या माणसांचे पाय त्यात दिसत. साहेबांनी विचारलं की तो सांगे, खिसेकापूंवर नजर ठेवायला बांधला आहे. साहेबांना ते पटे, कारण पायांवरून कुणी काही ओळखत असेल हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

आरशात जाड टाचेचे, लोखंडी नाकाचे सेफ्टी बूट होते. चकचकीत, फडक्याने पुसलेले.

“संपली,” देवाजी म्हणाला.

मागच्या फळीवर त्याच मालाच्या चाळीस बाटल्या मांडलेल्या दिसत असताना चेहऱ्यावरची रेषही न हलवता ‘संपली’ म्हणायला छाती लागते. देवाजीला ती होती. माणूस चार शिव्या घालून निघून गेला. शिव्या त्याला पाठ होत्या, त्यांचं काही वाटत नसे.

भिलाईच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे सरकारी विदेशी दारूचं दुकान. रांगेतला निम्मा माणूस कुठल्या ना कुठल्या मिलमधला. प्रत्येक मिलची शिफ्ट वेगळी, त्यामुळे घड्याळ बघून काही कळत नसे. बुटांवरून कळे. पुसलेले बूट कामावर जाणाऱ्याचे. लोखंडाच्या काळ्या भुकटीने माखलेले बूट काम संपवून आलेल्याचे. काळ्या बुटांना देवाजी निमूट बाटली देई, पुसलेल्यांना त्याच्याकडचं सगळं संपलेलं असे.

नेमणूक करणाऱ्या कंपनीने एकदा सगळ्या सेल्समनांना दुर्गला एका हॉटेलात नेऊन प्रशिक्षण दिलं होतं. चांगलं वाइन शॉप कशाने होतं, असा विषय होता. टाय लावलेल्या एका पोराने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की उजेड हवा, मांडणी हवी, बिअर थंड हवी, चेहऱ्यावर हसू हवं. आणि ग्राहकाला कधीही प्रश्न विचारायचा नाही. कशाला हवी, कुणासाठी हवी, हे त्याचं तो जाणे. देवाजीने मान डोलावली. हा शेवटचा मुद्दा त्याला अगदी मान्य होता. आठ वर्षांत त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. चांगलं दुकान म्हणजे कुणाला द्यायची नाही हे ज्याला कळतं ते, असं त्याचं स्वतःचं उत्तर होतं. पण ते त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

पुढचं सगळं म्हणजे दौलतराव. एकोणीस वर्षांपूर्वी देवाजी एका छोट्या रोलिंग मिलमध्ये हेल्पर होता. ती मिल केव्हाच बंद पडली, आता तिथे सिमेंटचं गोदाम आहे. जेवणाच्या सुट्टीत क्रेन ऑपरेटरने त्याला पैसे देऊन समोरच्या ठेक्यावरून एक पव्वा आणायला सांगितला. पव्वा म्हणजे पाव बाटली, शर्टाच्या आत मावेल एवढी. देवाजीने आणून दिला. त्यात काय एवढं, सगळेच आणत. साडेतीनला साखळीला बांधलेला लोखंडाचा भारा झोका घेऊन आला आणि खाली उभा असलेला दौलतराव भिंत आणि भारा यांच्या मधे सापडून जागीच गेला. दौलतराव आदल्याच दिवशी देवाजीच्या डब्यातली वांग्याची भाजी मागून जेवला होता. तो पव्वा कुणी आणला हे कुणी विचारलं नाही आणि देवाजीने कुणाला सांगितलं नाही. बायकोला, मनकर्णालाही नाही.

तेव्हापासून रस्त्याने कुठे क्रेन दिसली तरी तो पलीकडच्या बाजूने जाई. आणि नशीब असं की पोरीला, रश्मीला, नोकरी लागली ती रोलिंग मिलमध्येच. हेल्मेट घालून ती क्रेनच्या खालून हिंडायची आणि प्रत्येक गरम-गार लोखंडी लगडीवर खडूने नंबर टाकायची. चांगली शिकलेली पोरगी, तपासणीचं काम, सकाळी नऊ ते सहा. घरात सगळ्यांना कौतुक होतं. देवाजी मात्र सहा वाजून ती रिसालीच्या घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत घड्याळ बघत राही.

तो दिवस एक ऑक्टोबरचा. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती, म्हणजे दुकान बंद. यंदा पितृमोक्ष अमावस्याही नेमकी त्याच दिवशी आली होती. ड्राय डेच्या आदल्या दिवशी दुकानाची काय दशा होते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. सकाळपासून रांग रस्त्यापर्यंत गेली होती. देवाजीच्या जोडीला काउंटरवर मोनू होता, तिशीचा, तोंडाने बडबड्या आणि हाताने चपळ. दोघांना पाणी प्यायलाही सवड नव्हती.

दीडच्या सुमाराला जाळीतून एक ओळखीचा हात आला. टिकाराम. रुआबांध्यात राहणारा, मूळचा आमगावकडचा, रश्मीच्याच मिलमध्ये क्रेन चालवणारा. या रांगेत तो देवाजीला कधी दिसला नव्हता.

“एक पव्वा दे ना देवाजीभाऊ. लवकर, घाई हाय,” टिकाराम म्हणाला.

देवाजीने आरशात बघितलं. बूट धुळीने भरलेले होते. टिकाराम सकाळच्या शिफ्टचा, हे त्याला रश्मीकडून माहीत होतं. उद्या पितर, म्हणून लवकर सुटला असेल, असं त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. त्याने पव्वा जाळीतून सरकवला आणि पुढच्या हाताकडे वळला.

अडीचला बबलू आला. हाही त्याच मिलमधला, हाही क्रेनवरचा. त्याचे बूट काळेकुट्ट होते. देवाजीने बाटली काढता काढता सहज म्हटलं की आज तुमच्याकडे लवकर सोडून राहिले वाटते, टिकाराम तर दीडलाच येऊन गेला.

बबलू हसला. टिकारामची या आठवड्यापासून दुपारची शिफ्ट होती, असं त्याने सांगितलं. दोन वाजता क्रेनचा ताबा घेऊन त्यानेच बबलूला मोकळं केलं होतं.

“आज कायचं बिघडलं होतं त्याचं कोण जाणे,” बबलू म्हणाला. “डोळे लाल. एक शब्द नाई बोलला, सीधा वरतं चढून गेला.”

बबलू गेला. पुढच्या माणसाने नोट दिली ती देवाजीच्या हातात तशीच राहिली. त्याचे पाय गार पडले, म्हणजे खरोखरच गार, चपलेत बर्फ ठेवल्यासारखे. आरशातले बूट त्याच्या डोळ्यांसमोर आले. धूळ होती, पण काळी होती का? त्याला आठवेना. त्याने नीट बघितलंच नव्हतं. आठ वर्षांत शेकडो माणसांना परत पाठवलं, आणि ज्याच्या हाताखालून आपली पोरगी चालते त्यालाच आपण दिली.

त्याने रश्मीला फोन लावला. वाजत राहिला. तिथे आत फोन न्यायची परवानगी नव्हती, फोन लॉकरमध्ये पडलेला असे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने चार वेळा लावला.

“मोनू, मी जाऊन येतो,” तो म्हणाला.

मोनूने त्याच्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. आजच्या दिवशी काउंटर सोडायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं, वर कॅमेरा लागलेला. “अंकल, आज? सुपरवाइजर मार डालेगा,” एवढंच तो म्हणाला. देवाजीला ऐकूही आलं नाही. तो मागच्या दाराने बाहेर पडला होता.

मोपेडने मिल दहा मिनिटांवर. मधे मालगाडीच्या सायडिंगचं फाटक होतं, आणि ते बंद होतं. डबे एकामागून एक इतके सावकाश सरकत होते की उतरून हाताने ढकलावेत. देवाजीने आधी देवाला हात जोडले. मग त्याच्या लक्षात आलं की आपण देवाकडे काय मागतोय ते आपल्यालाच धड माहीत नाही. रश्मीला वाचव म्हणायचं, की टिकारामने बाटली उघडलेली नसू दे म्हणायचं? तेवढ्यात एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत पलीकडच्या रस्त्याने गेली. ती मिलकडून आली की दुसरीकडून, हे डब्यांच्या आडून दिसलं नाही. त्याने मोपेडच्या हँडलवर कपाळ टेकलं. शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, काका, ठीक हो ना. देवाजीने मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, त्याला कळलं नाही.

मिलच्या गेटवर सगळं नेहमीसारखं होतं. पहारेकरी खुर्चीत बसला होता. धावपळ नव्हती, गर्दी नव्हती. आतून क्रेनची घंटी ऐकू येत होती, भारा उचलला की वाजते ती. पहारेकऱ्याने काम विचारलं. तोंडाशी जे आलं ते देवाजीने सांगितलं: घरी तब्येत बिघडली आहे, पोरीला बोलवा.

ती येईपर्यंतची पाच-सात मिनिटं देवाजीने गेटच्या गजाला धरून काढली. प्रत्येक घंटीला त्याची मान खांद्यात जाई.

रश्मी आली. पिवळं हेल्मेट, हाताला खडू. धापा टाकत तिने विचारलं, “आईले काय झालं?”

देवाजीने तिचं मनगट धरलं. धरलं ते सोडवेना. पोरगी बाहेर होती, उन्हात, डोक्यावर मोकळं आभाळ होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हिला मोपेडवर बसवायचं आणि घर गाठायचं. कुणाला काही सांगायला नको, टिकारामच्या पोटावर पाय नको, आपलीही नोकरी वाचेल. इतकं सोपं होतं.

“चाल, घरी चाल,” तो म्हणाला.

“काय झालं ते सांगा ना पहिले. भारा लटकून राहिला आतमंदी, मी अर्ध्यातून आली.”

पुन्हा घंटी वाजली. देवाजीने आत बघितलं. शेडच्या अंधारात चार-पाच हेल्मेटं हलत होती. ती कुणाची, त्यांची घरं कुठे, त्याला माहीत नव्हतं. त्यांतलं एखादं आज कुणाच्या तरी डब्यातली भाजी मागून जेवलं असेल.

त्याने सांगून टाकलं. टिकाराम, दीड वाजता, पव्वा.

रश्मीने मनगट सोडवून घेतलं. मग ती म्हणाली, “मी नाई सांगणार हे कोणाले. तुमी दिली, तुमीच सांगा. चला.”

शिफ्ट इन्चार्ज श्यामराव म्हणून होते, नागपूरकडचे, करारी. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. दोन्ही हात वर करून क्रेन थांबवली, भारा खाली ठेवायला लावला आणि टिकारामला खाली बोलावलं.

चाळीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. देवाजीची नजर सवयीने पायांवर गेली. एक बूट, मग दुसरा बूट. प्रत्येक पाऊल पायरीच्या बरोबर मधोमध पडत होतं. कुठे चाचपणं नाही, कुठे घसरणं नाही. दहा पायऱ्या उतरेपर्यंत देवाजीला कळून चुकलं की हे प्यालेल्या माणसाचे पाय नव्हेत. आणि टिकाराम जमिनीवर आला तेव्हा बुटांवरची धूळही दिसली. ती काळी नव्हती. ती तळ्याच्या काठची पिवळी माती होती, टाचेशी अजून ओली.

“साहेब, माहीच चूक झाली,” देवाजी पुढे होऊन म्हणाला. पण आता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

श्यामरावांनी टिकारामच्या तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं. त्यांनी विचारलं, बाटली घेतली का? टिकारामला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, घेतली. लॉकर उघडला. पिशवीत कुशाच्या गवताची एक ओली जुडी होती, काळ्या तिळांची पुडी होती, आणि फडक्यात गुंडाळलेला पव्वा होता. झाकणाची कडी तुटलेली नव्हती.

“बापासाठी घेतली,” टिकाराम म्हणाला. “मागच्या साली गेला. उद्या पयले पितर हायेत त्याचे. त्याच्या पानाजवळ ठेवाची होती, आवडे त्याले. उद्या दुकान बंद राहते, अन् मी सुटतो तवापर्यंत तुमचं शटर पडते.”

मिलमध्ये दारू आणली की गेट पास जमा, असा नियम पाटीवर लिहिलेला होता. प्यायची की ठेवायची हे पाटीवर नव्हतं. टिकाराम मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडचा; अशा माणसाला कामावरून काढायला चिठ्ठी लागत नाही, पास काढून घेतला की झालं. श्यामरावांनी पास घेतला तेव्हा त्यांनाही टिकारामकडे बघवलं नाही.

टिकारामने पिशवी खांद्याला लावली. देवाजीसमोर येऊन तो थांबला. त्याला राग आलेला नव्हता. राग असता तर देवाजीला सोसवला असता.

“मले विचाराचं होतं ना, देवाजीभाऊ,” तो म्हणाला. “मी सांगतलं असतं.”

दुसऱ्या दिवशी घरी पितरांचं पान वाढलं. मनकर्णाने गच्चीवर कावळ्यासाठी घास ठेवला तेव्हा देवाजीने शेजारी आणखी एक घास ठेवला आणि त्यावर वांग्याची भाजी वाढली. हा कोणासाठी, असं मनकर्णाने विचारलं. देवाजीने खाली बसून तिला आणि रश्मीला दौलतरावचं सगळं सांगितलं. मनकर्णा पदराने डोळे पुसत राहिली. रश्मी म्हणाली की बाबा, तुमी काल बरोबरच केलं, त्यानं पेली असती तर? देवाजीने तो प्रश्न स्वतःला रात्रभर विचारला होता. उत्तर दर वेळी तेच येई, आणि त्याने काहीही हलकं होत नसे.

काउंटर सोडल्याबद्दल त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. त्या दिवसांत टिकारामला परत घ्या म्हणायला तो तीन वेळा मिलच्या गेटवर गेला. श्यामराव भेटले, चहा पाजला आणि म्हणाले की वरून नाही म्हणतात. टिकारामच्या घरी रुआबांध्याला गेला तर दार बायकोने उघडलं आणि ते घरी नाहीत म्हणून सांगितलं. आत खोकल्याचा आवाज येत होता.

तो पुन्हा कामावर आला तेव्हा भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली होती. पूर्वी पुसलेल्या बुटांची वाटे, आता सगळ्याच पायांची वाटू लागली. द्यावी तर भीती, न द्यावी तरी भीती. मोनू म्हणे, अंकल, इतनी देर क्यों लग रही है? देवाजी म्हणे, वय झालं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी रांग जेमतेम पाच-सहा माणसांची होती. जाळीतून हात आत आला. देवाजीने तो ओळखला. हाताच्या तळव्यावरचे क्रेनच्या दांड्याचे घट्टे अजून गेले नव्हते.

“एक पव्वा,” टिकाराम म्हणाला.

देवाजीने आरशात बघितलं. टिकारामला त्या आरशाचं तोवर कुणीतरी सांगितलं असावं, कारण तो एक पाऊल मागे सरला आणि नीट दिसतील असे पाय पुढे करून उभा राहिला. पायांत रबरी चपला होत्या. बोटांच्या नखांत पिवळी, काळी कसलीच माती नव्हती. देवाजीच्या नियमात चपलांना मनाई नव्हती.

त्याने बाटली काढली, पण जाळीपाशी त्याचा हात थांबला. आठ वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

“कोणासाठी?”

टिकारामने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मागच्या माणसाने कोपराने ढोसलं तरी तो हलला नाही.

“माह्यासाठीच,” तो म्हणाला.

देवाजीने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी जाळीतून दिली. टिकारामने ती घेतली. आरशात चपला वळल्या, कठड्याच्या कडेकडेने सावकाश गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी पुढच्या माणसाचे बूट येऊन उभे राहिले. तो माणूस दोनदा बोलला तरी देवाजीने मान वर केली नाही.